लाल सुताची कणसं

मुक्ताबाईबद्दल आमच्या गावात दोन गोष्टी सांगितल्या जातात. एक, विमान डोक्यावर आलं तेव्हा ते मोठं पाखरू समजून तिने गोफणीतून धोंडा मारला. दुसरी, ते तिच्या शेतात उतरल्यावर देव समजून तिने त्याला ओवाळलं. दोन्ही गोष्टी वर्तमानपत्रात छापून आल्या, आणि छापून आल्या म्हणून खऱ्या ठरल्या. लोक अजून हसतात. लग्नाच्या पंगतीत वाढपी येईपर्यंत करमणूक म्हणून सांगतात. दोन्ही खोट्या आहेत. मुक्ताबाईला वाचता येत नाही, तेव्हा छापलेल्याला तिने उत्तर द्यायचं तरी कसं? म्हणून जे झालं ते मी लिहिते आहे.

मुक्ताबाई सोलापूरजवळच्या कुंभारी गावची. सोलापुरात शुक्रवार पेठेतल्या आमच्या आळीत तिच्या दह्याचा रतीब असतो. डोक्यावर मडकं, मडक्यावर ओलं फडकं, आणि चाल अशी की एवढा रस्ता तुडवून आली तरी दह्याची साय मोडत नाही. बाई काटक, सावळी, बोलायला फटकळ. आमच्या सासूबाई, गोदावरीबाई, रोज तिच्याशी एकदा तरी भांडतात. दही पातळ आहे म्हणाल्या की मुक्ताबाई मडक्यात डोकावून म्हणणार, "म्हशीला सांगते की, थोरल्या बाई. तुमचं नाव सांगून सांगते, म्हंजे ऐकंल." सासूबाई वरून रागावतात, पण ती एखाद्या दिवशी आली नाही तर दहा वेळा दाराशी जाऊन येतात.

तिचा नवरा तात्याबा हा देवमाणूस. कोणी काहीही म्हटलं की "बरं" म्हणतो. त्याच्या एका "बरं"मुळे पुढे काय झालं ते येईलच. त्यांचं शेत कुंभारीच्या मागे, काळं रान, आणि शेताला लागून गावाचा मोठा थोरला माळ. रब्बीची ज्वारी कणसात आली की मुक्ताबाई सकाळी दही घालून परत जाते ती थेट शेतात, माळ्यावर. माळा म्हणजे चार मेढी रोवून उंचावर बांधलेली पाखरं राखायची जागा. तिथे उभं राहून गोफण फिरवायची आणि आरोळ्या ठोकायच्या.

पण माळ्यावरून ती नुसती पाखरं राखत नसे. बी निवडत असे. हे मला तिनेच एकदा ओसरीवर बसून समजावलं होतं. बियाण्याचं कणीस खळ्यावर निवडायचं नसतं. तिथे सगळी कणसं सारखीच दिसतात. ते उभ्या रानात निवडायचं. कुठलं ताट, म्हणजे ज्वारीचं धाट, वाऱ्यात लवून पुन्हा उभं राहिलं, कुठल्याला कीड शिवली नाही, कुठलं कणीस घट्ट भरलं, हे वरून रोज बघायचं. मनात भरलं की खाली उतरून त्याच्या मानेला लाल सूत बांधायचं. मग काढणीला विळा लागला तरी लाल सुताला कोणी हात लावत नाही. ती कणसं घरची बाई आपल्या हाताने शेवटी खुडते. तिची आई मंगळवेढ्याला असंच करायची, आईची आईही तसंच. सूत ती साखर पेठेतल्या सुंदरम्माकडून आणते, मागावरचं उरलेलं.

त्या वर्षी, म्हणजे तेहेतीस साली, या लाल सुताला नेहमीपेक्षा जास्त अर्थ होता. आदल्या वर्षी मंगळवेढ्याकडे पाऊसच झाला नव्हता. मुक्ताबाईचा भाऊ कोंडीबा, त्याचं पेरलेलं सगळं करपून गेलं, आणि घरात ठेवलेल्या बियाण्याला किडा लागला. आईने जपलेल्या त्या ज्वारीचं बी आता जगात एकाच ठिकाणी उरलं होतं, मुक्ताबाईच्या गाडग्यात, आणि तेही थोडंच. तिने ते शेताच्या मधल्या पट्ट्यात पेरलं. बाकीचं रान बाजारच्या बियाण्याचं. दिवाळीला कोंडीबा बहिणीकडे आला तेव्हा मधल्या पट्ट्याकडे बघून म्हणाला होता, "अक्का, फुडल्या साली म्हायेराला तूच पेरणार." ओवाळणी घालायची सोडून भाऊ बहिणीकडे मागत होता. मुक्ताबाईने शब्द दिला. तेव्हापासून त्या पट्ट्यावरची तिची नजर हलली नव्हती.

संक्रांत होऊन गेली. हुरड्याचे दिवस सरले, दाणा टणक होत आला. अशा एका सकाळी मुक्ताबाई माळ्यावर उभी असताना मुंबईहून हैदराबादेकडे निघालेलं एक लहानसं विमान वरून आलं. तिला त्याचं नवल नव्हतं. विमानं तिने आधी जाताना पाहिली होती. नवल वाटलं ते आवाजाचं. "आदी खोकलं, मग पुन्यांदा खोकलं, आन् मग गप झालं," असं तिने मला सांगितलं. "मानूस गप झालं तर बरं वाटतं, धाकट्या बाई. हे गप झालं तशी मी गोफन खाली टाकली."

विमानात एकटा तरुण होता, दुबाश नावाचा पारशी. पेट्रोलच्या नळीत कचरा अडकून त्याचं इंजिन बंद पडलं होतं. त्याने वरून जागा हेरली. मुक्ताबाईच्या शेताच्या कडेला हरभरा काढून मोकळं झालेलं रान होतं, तिथे तो उतरला, तसाच घरंगळत ज्वारीच्या कडेत घुसला आणि थांबला. ताटांनीच त्याला धरलं म्हणा. विमानाला काही झालं नाही, त्यालाही नाही. मुक्ताबाई माळ्यावरून उतरून धावली. पहिलं काम तिने काय केलं असेल, तर कळशीतलं पाणी त्याला प्यायला दिलं. पाणी पिऊन तो आपल्या मोडक्या मराठीत तिला आणि तात्याबाला म्हणाला, "बाई, तुमचा पदर वर उडत होता ने, ते बघून मला वारा कुठून ते समजलं. वाऱ्याला तोंड करून उतरायला लागतं. नाहीतर मी मेला होता."

हे त्याचे शब्द. तात्याबाने ऐकले, मुक्ताबाईने ऐकले, शेजारच्या शेतातल्या माणसांनी ऐकले. माळ्यावर उभ्या असलेल्या एका बाईच्या पदरामुळे तो वाचला. छापून काय आलं? बाईने धोंडा मारला.

बातमी दुपारपर्यंत सोलापुरात पोहोचली आणि संध्याकाळच्या आत विमान-स्वागत मंडळ स्थापन झालं. त्याचे चिटणीस आमचे भावजी, गोपाळराव. वकील आहेत. माणूस वाईट नाही, घरात कोणाचं दुखलंखुपलं तर रात्र रात्र जागतात. पण मंडळ म्हटलं की त्यांच्या अंगात येतं. हार, फेटे, खुर्च्या, बँड, सगळं ठरलं. दुबाशने तोवर नळी साफ करून इंजिन चालू करून दाखवलं होतं. प्रश्न एवढाच उरला की पुन्हा उडायचं कुठून. उतरायला पुरली तेवढी जागा उडायला पुरत नव्हती.

आणि इथे मला जे कळलं त्याने माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या विमानाचे पंख मिटत होते. कोंबडी पंख मिटते तसे मागे वळवून बांधता येत होते. दुबाशने स्वतःच सांगितलं होतं की पंख मिटून, बैलजोडी लावून विमान शेजारच्या माळावर न्यावं. तिथे ना पीक, ना बांध. तासाभराचं काम. पण भावजींना ते पटलं नाही. त्यांचं भाषण लिहून झालं होतं आणि त्यात एक वाक्य होतं, "जिथे संकट कोसळले तेथूनच पुन्हा उड्डाण." बैलांमागून ओढत नेलेल्या विमानाला हे वाक्य शोभलं नसतं. म्हणून ज्वारीच्या उभ्या पिकातून, मधोमध, सरळ पट्टा कापायचं ठरलं. त्यांनी तात्याबाला विचारलं. तात्याबा म्हणाला, "बरं." मुक्ताबाईला कोणी विचारलं नाही. दुबाशही फेट्याचं माप देत राहिला.

मी भावजींना म्हटलं की माळावर खुर्च्या मांडता येतील, बँडही वाजेल, बिचारीचं पीक वाचेल. तर हसून म्हणाले, "वहिनी, इतिहास माळावर घडत नसतो." याचं उत्तर मला आता सुचतं. उभ्या पिकातच घडला पाहिजे असंही कुठे लिहिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मुक्ताबाई दही घेऊन आली ती ओसरीवर न टेकता थेट भावजींच्या समोर उभी राहिली. रडली नाही, भांडली नाही. पट्टा कापायचाच असेल तर कापा, म्हणाली, पण मधल्या रानात लाल सूत बांधलेली कणसं आहेत ती आधी मला खुडू द्या, ती माझ्या भावाची आहेत. भावजींनी मान डोलावली आणि म्हणाले, आज पहाऱ्यावर स्वयंसेवक आहेत, कोणाला आत सोडत नाहीत, उद्या उजाडताच ये, तुझी कणसं तू काढ, मग मजूर विळा लावतील. मी तिथेच उभी होते. हे शब्द मी ऐकले आहेत. मुक्ताबाई जाताना मला म्हणाली, "एक दिस आणिक ऊन मिळंल दान्याला. बरंच की." इतकी ती समंजस.

उजाडताच ती पाटी घेऊन आपल्या शेतावर गेली. शेताभोवती दोर लावलेला होता. दंडावर फिती बांधलेल्या पोरगेल्या स्वयंसेवकांनी तिला अडवलं. कार्यक्रम सुरू होईपर्यंत आत कोणी जायचं नाही. ती म्हणाली, मी मालकीण आहे. त्यावर एक जण म्हणाला, "आज सगळेच मालक, बाई. मागं सरा." तिच्या शेतात, तिच्या पिकासमोर, तिला मागे सरा म्हणाले. दोराबाहेर बैलगाड्या, टांगे, सायकली, सगळं सोलापूर लोटलं होतं. आमच्या सासूबाईही आळीतल्या बायकांबरोबर टांग्याने गेल्या होत्या. लाल सुताचं त्यांना काही ठाऊक नव्हतं, भावजी सोडले तर आमच्यात ते मला एकटीलाच ठाऊक होतं आणि मी घरी होते.

अखेर भावजींनीच मुक्ताबाईला आत बोलावलं. तिला वाटलं आता कणसं खुडू देतील. तर भावजींनी तिच्या हातात आरतीचं ताट दिलं. निरांजन, कुंकू, फुलं, सगळं तयार. विमानाला ओवाळ, फोटो काढायचा आहे. ती म्हणाली, "आन् माझी कणसं?" भावजी म्हणाले, आधी एवढं कर, मग तुझी कणसं.

तिने ओवाळलं. देव समजून नव्हे. भावाचं बी मिळावं म्हणून, सांगितलं तेवढं केलं. फोटोवाला काळ्या कापडाखाली डोकं घालून बराच वेळ बसला. हलू नको, पदर सारखा कर, हात थोडा वर. ती ताट धरून हलली नाही.

आणि ती अशी पाठमोरी उभी असताना तिच्या मागे काय चाललं होतं? आमच्या आळीच्या तोंडाशी फुलं विकायला बसणारी चंद्रव्वा, मूळची अक्कलकोटकडची म्हातारी, दोराखालून आत शिरली होती. तिला ज्वारीच्या कणसांना बांधलेलं लाल सूत दिसलं. समोर शेतमालकीण विमानाला ओवाळते आहे हेही दिसलं. चंद्रव्वाने मनाशी जुळवलं की या बाईने नवस बोलून सूत बांधलं, म्हणून एवढं मोठं धूड आभाळातून पडून एक माणूस मेलं नाही. तिने हात जोडले आणि सूत बांधलेलं एक कणीस प्रसाद म्हणून मोडून पदरात घेतलं. तिला कोणी विचारलं, तिने सांगितलं. त्यांनी पुढे सांगितलं. मग काय विचारता. दोर तुटला, माणसं पट्ट्यात घुसली. लाल सूत दिसलं की मोड. ज्यांना लाल सुताचं मिळालं नाही त्यांनी साधं मोडलं. फोटोवाल्याने कापडाखालून डोकं काढलं तोवर मधल्या रानात नुसती मुंडकी उडवलेली ताटं उभी होती. मग मजुरांनी तीही कापली, आणि कापलेला कडबा गाड्यांच्या बैलांनी तिथल्या तिथे खाल्ला. भाषण झालं. वाक्य झालं. टाळ्या झाल्या. विमान उडालं.

सासूबाई दुपारी मोठ्या आनंदाने घरी आल्या आणि लाल सूत बांधलेलं एक कणीस देवघराच्या खुंटीला अडकवलं. ते सूत मी ओळखलं. पुढच्या सकाळी वर्तमानपत्र आलं. त्यात "विज्ञानयुग आणि अज्ञान" अशा मथळ्याखाली ती धोंड्याची आणि पूजेची गोष्ट होती. मजकूर भावजींनी दिलेला. दुबाशच्या तोंडचं पदराचं वाक्य त्यात नव्हतं. ह्यांनी वर्तमानपत्राची घडी केली आणि चहा तसाच ठेवून शिकवायला शाळेत निघून गेले, म्हणजे त्यांनाही लाज वाटली असावी.

मुक्ताबाई उन्हं वर आल्यावर आली. डोक्यावर मडकं नव्हतं. दाराच्या चौकटीशी उभी राहिली आणि तिथून तिला देवघरातली खुंटी दिसली. तिने त्या कणसाकडे बोट केलं. मग म्हणाली, "थोरल्या बाई, ते माझ्या आईचं हाय."

सासूबाईंना कळेना. मी सगळं सांगितलं, बी कसं निवडतात ते, कोंडीबाचं, दिलेल्या शब्दाचं. सांगताना माझा आवाज चढला, मुक्ताबाईचा नाही. ती एवढंच सांगत होती की काल विमान गेल्यावर अंधार पडेपर्यंत ती मातीत चाचपत होती आणि ओंजळभर दाणेसुद्धा शाबूत मिळाले नाहीत. बाजारचं बी काय, कुठेही मिळतं. या ज्वारीची भाकरी संध्याकाळी खाल्ली तरी मऊ असते, आणि गुरं तिचं धाट बुडख्यापर्यंत खातात. आता भावाला तोंड कसं दाखवू?

सासूबाई उठल्या आणि पुन्हा बसल्या. त्यांची अडचण खरी होती. कणीस देवापुढे ठेवून झालं होतं, हळदकुंकू वाहून झालं होतं. देवाला वाहिलेलं उचलून परत कसं द्यायचं? दुसऱ्या कोणी हे म्हटलं असतं तर मी चिडले असते. पण त्या बोलत होत्या तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. मग एकदम त्यांनी मला पाट मांडायला सांगितलं. मुक्ताबाईला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, आणि तांदळांच्या जागी ते कणीस, सुतासकट, तिच्या ओटीत घातलं.

"परत दिलं नाही, ओटी भरली," सासूबाई म्हणाल्या. "सवाष्णीची ओटी भरायला देवाची ना नसते. आता ते तुझं. आणि ऐक, बाकीची कुठं आहेत ते मला माहीत आहे. टांग्यात माझ्या शेजारीच बसली होती सगळी."

रथसप्तमी तोंडावर होती. तेव्हापर्यंत हळदीकुंकवं चालतात. सासूबाईंनी रथसप्तमीचं हळदीकुंकू आमच्याकडे ठेवलं आणि आमंत्रण द्यायला स्वतः गेल्या, चंद्रव्वाला बरोबर घेऊन. चंद्रव्वाला खरी हकीकत कळली तेव्हा ती दोन्ही गालांवर हात मारून घेत "तप्पायितु, अव्वा, तप्पायितु" म्हणत राहिली. चूक झाली, चूक झाली. तिने आपलं कणीस पहिल्याप्रथम आणून दिलं आणि मग फुलांची टोपली घेऊन जिथे जिथे तो प्रसाद गेला होता तिथे तिथे हिंडली. आमंत्रण नेहमीचंच, फक्त उलटं. एरवी घरची बाई वाण लुटते, इथे येणारीने आणायचं होतं, लाल सुताचं कणीस.

भावजींना हे रुचलं नाही. संध्याकाळी चहा घेताना मला म्हणाले की लोकांनी भक्तिभावाने नेलेली वस्तू दारोदार मागून परत घेणं बरं दिसत नाही, मंडळाची नाचक्की होईल, लोक म्हणतील स्वागताच्या नावाखाली लूट झाली. मी म्हटलं, झालीच की. ते म्हणाले, बायकांनी यात पडू नये, शिवाय त्या बाईने सर्वांसमोर ओवाळलं आहे, फोटो आहे. आणि तो फोटो त्यांनी माझ्यासमोर टेबलावर ठेवला, जसा कोर्टात पुरावा ठेवावा.

मी फोटो हातात घेतला. मुक्ताबाई ताट धरून उभी. चेहऱ्यावर भक्ती शोधून सापडणार नाही. काय म्हणून उभं केलंय मला, असा चेहरा. आणि ताटाच्या कडेला पोचा होता. ओळखीचा. माझ्या हातून जिन्यावरून पडलं होतं ते ताट.

"भावजी," मी विचारलं, "हे ताट कुंभारीला कोणी नेलं?"

त्यांनी फोटो परत घ्यायला हात पुढे केला.

"आपल्या देवघरातलं आहे. निरांजनही आपलंच. तुम्ही पहाटे घेऊन गेलात, तिच्या हातात दिलंत, ओवाळ म्हणालात, आणि मग लिहिलंत की अडाणी बाई विमानाची पूजा करते. अज्ञान कोणाचं म्हणायचं हे? विमानाला ताट घेऊन कोण गेलं?"

भावजी म्हणाले, "समारंभाला काहीतरी लागतं, वहिनी."

"मग समारंभ केला म्हणून छापा. आणि पदराचं छापा. तो पारशी जे बोलला ते छापा."

खुलासा देतो, म्हणाले. पुढच्या आठवड्यात देतो.

रथसप्तमीला आमच्या ओसरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. मुक्ताबाईला मध्यभागी पाटावर बसवलं होतं. तिला फार अवघडल्यासारखं झालं होतं, सारखी उठू बघायची आणि सासूबाई खांदा दाबून खाली बसवायच्या. एकेक बाई यायची, कुंकू लावायची आणि कणीस ओटीत घालायची. सगळीच कणसं आली असं नाही. एका घरी पोरांनी भाजून खायला बघितलं होतं, दाणे टणक लागले म्हणून फेकून दिलं. एका घरी चिमण्यांसाठी वळचणीला टांगलं होतं, चिमण्यांनी सूत तेवढंच ठेवलं होतं, ते सूत त्या बिचारीने आणून दिलं. एक बाई देईचना. कणीस दाराला बांधल्यापासून घरच्यांचा खोकला गेला, म्हणत होती. सासूबाई म्हणाल्या, "खोकला आला तर माझ्याकडे पाठव, काढा देते. कणीस दे." ओसरी हसली आणि तिने दिलं.

आणि एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. जी कणसं परत आली ती सगळी भाबड्या बायकांच्या घरून आली, ज्यांनी प्रसाद म्हणून जपली होती. मंडळातल्या शिकलेल्या लोकांनी मौज म्हणून जी मोडली होती त्यांतलं एकही मिळालं नाही. त्यांना ती कुठे टाकली तेही आठवत नव्हतं. अज्ञानावर मथळे मात्र त्यांचे.

मुक्ताबाईने ओटीतलं बी घरी नेलं, चोळलं, आणि थोडे दाणे ओल्या फडक्यात बांधून चुलीजवळ ठेवले. कणसं पुरती पिकण्याआधी मोडलेली होती, तेव्हा रुजतात की नाही हीच धास्ती होती. मला खबर मिळाली ती दह्याबरोबर. मडकं उतरवायच्या आधी तिने पदराची गाठ सोडून माझ्यापुढे धरली. दाण्यांना पांढरे कोंब फुटले होते. "समदे न्हाय," म्हणाली, "पन भावाचं भागंल." मग तिने मंगळवेढ्याची मोटार पकडली. आयुष्यात पहिल्यांदा ती माहेरी काही मागायला नव्हे, द्यायला निघाली होती, आणि मोटारीत गाडगं तिने मांडीवरून खाली ठेवलं नाही म्हणे. कंडक्टर म्हणाला, अक्का, वर टपावर ठेव. तर त्याला म्हणाली, "वर ठिवलं की खाली पडतंय. बघितलंय मी."

कोंडीबाने ते पुढच्या रब्बीला पेरलं आणि त्याचं पीक घरात आलं. यंदाच्या संक्रांतीला मुक्ताबाईने आमच्यासाठी माहेरच्या ज्वारीची पायली आणली. थोरल्या बाईंच्या देवाची, म्हणाली. सासूबाईंनी नैवेद्याला तीच भाकरी केली. रात्री भावजी जेवायला बसले, वांग्याच्या भरिताबरोबर दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि म्हणाले, "वहिनी, आज भाकरी फार मऊ झाली आहे. आणखी एक वाढा."

मी वाढली. कुठल्या ज्वारीची ते सांगितलं. त्यांनी मान खाली घालून खाल्ली.

खुलासा अजून छापून आलेला नाही.